चांदीपुरा विषाणू : पेशीच्या आत काय घडते?

आपल्या विदर्भाचे नाव विषाणुशास्त्राच्या ग्रंथांत एका गावामुळे कायमचे नोंदले गेले आहे. १९६५ साली नागपूर परिसरात डेंग्यू व चिकुनगुन्याची साथ चालू असताना, तापाने आजारी असलेल्या दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट्ट व रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांना एक नवाच विषाणू आढळला. गावाच्या नावावरून त्यास ‘चांदीपुरा’ असे नाव मिळाले. १९५२ साली स्थापन झालेले ते केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

पुढील अनेक वर्षे या विषाणूची फारशी दखल घेतली गेली नाही. २००३ च्या उन्हाळ्याअखेरीस व पावसाळ्यात मात्र आंध्र प्रदेशात ३२९ बालकांना मेंदूज्वर झाला आणि त्यांपैकी १८३ दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही रुग्ण आढळले. २००७ मध्ये नागपूर विभागात साथ आली. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वराचे २४५ रुग्ण व ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला. शेणामातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांच्या ओलाव्यात वाढणारी, डासाहूनही लहान अशी वाळूमाशी हा विषाणू पसरविते. मोर्शी तालुक्यातील घरे व गोठे ज्यांनी पाहिले आहेत त्यांस अधिक सांगणे नलगे.

पालकांचे प्रश्न बहुधा दोनच असतात : काल खेळणारे मूल आज बेशुद्ध कसे झाले? आणि यावर औषध का नाही? दोहोंचे उत्तर विषाणू पेशीत शिरल्यावर स्वतःच्या प्रती कशा काढतो, यात आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. तरी तज्ज्ञांकडून जे समजून घेतले ते येथे मांडतो.

चांदीपुराची सारी जनुकीय माहिती आरएनएच्या एकाच धाग्यावर, सुमारे ११ हजार अक्षरांत मावते. माणसाची तीन अब्ज अक्षरांची असते. या ११ हजारांत प्रथिने बनविण्याच्या पाच सूचना आहेत, इतकेच. परंतु हा धागा छापखान्यातील खिळ्यांप्रमाणे उलटा असतो. आपल्या पेशीतील प्रथिने बनविणारी यंत्रणा सुलट मजकूरच वाचू शकते. म्हणून विषाणू उलट्याचे सुलट करणारा कारागीर, म्हणजे पॉलिमरेज हे प्रथिन, आपल्यासोबतच घेऊन येतो. या विषाणूचा अमेरिकेतील भाऊबंद गुरांना तोंडाच्या फोडांचा आजार देतो. त्याच्या कणात असा कारागीर असल्याचे १९७० साली डेव्हिड बाल्टिमोर, अॅलिस हुआंग व मार्था स्टँफर यांनी दाखविले.

कारागीर धाग्याच्या एका टोकापासून वाचू लागतो. प्रत्येक जनुकाच्या शेवटी काही कारागीर गळतात, त्यामुळे पहिल्या जनुकाच्या प्रती सर्वाधिक आणि शेवटच्याच्या सर्वांत कमी निघतात. हा योगायोग नव्हे. पहिले जनुक धाग्यास गुंडाळणाऱ्या प्रथिनाचे आहे आणि ते विपुल लागते. शेवटचे खुद्द कारागिराचे आहे आणि तो थोडाही पुरतो. गुंडाळणारे प्रथिन पुरेसे साठले की विषाणू सुटी पाने छापणे सोडून संपूर्ण ग्रंथाची नक्कल काढू लागतो. ही कळ कशी फिरते, यावर कोलकाता विद्यापीठातील ध्रुवज्योती चट्टोपाध्याय व त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीपुरावरच काम केले. कारागिराच्या सोबत्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का असेल तर छपाई चालते आणि नसेल तर नक्कल काढण्याकडे कल जातो, असे त्यांना आढळले. या नकलांचा ताळा कोणी पाहत नाही; आमच्या लेखापरीक्षकांस हे रुचणार नाही. चुका तशाच राहतात आणि त्यांतूनच विषाणू बदलत जातो.

हे सारे काही तासांत घडते. शरीराची प्रतिकारशक्ती सावध होऊन प्रतिपिंडे तयार करीपर्यंत अनेक बालकांचा निकाल लागलेला असतो. दाखल झाल्यापासून एक-दोन दिवसांत मृत्यू आल्याची उदाहरणे आहेत. प्रतिजैविके जिवाणूंची यंत्रणा मोडतात; येथे मोडण्यासारखे विषाणूचे स्वतःचे असे फार थोडे आहे, बाकी सारी सामग्री आपल्याच पेशीची. त्याचा कारागीर हे मात्र योग्य लक्ष्य आहे आणि संशोधकांची दृष्टी त्याकडे आहे. २०२४ च्या साथीपर्यंत खात्रीचे औषध वा लस उपलब्ध नव्हती. तोवर ताप उतरविणे, झटके थांबविणे, श्वास व रक्तातील साखर सांभाळणे आणि वेळीच मोठ्या रुग्णालयात हलविणे, हेच उपचार.

प्रतिपिंडांची वाट पाहता येत नसल्यामुळे तपासणीत विषाणूचा धागाच शोधावा लागतो. आरएनएचे डीएनएत रूपांतर करून त्याच्या असंख्य प्रती काढतात. हे रूपांतर करणारे प्रथिनही बाल्टिमोर यांनी, आणि स्वतंत्रपणे हॉवर्ड टेमिन यांनी, १९७० सालीच शोधले होते. दोघेही १९७५ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. मात्र आरएनए नाजूक असते, उष्णतेत चटकन तुटते. रक्ताचे व पाठीतील पाण्याचे नमुने बर्फाच्या पेटीतूनच पाठवावे लागतात ते याचसाठी, आणि शीतपेटीचा खर्च या अहवालात स्वतंत्र दिसतो तोही त्यामुळेच. नमुन्यासोबतच्या पत्रकात ताप नेमका कोणत्या वेळी चढला, पहिला झटका केव्हा आला, हे लिहावयाचे असते; ती वेळ घरच्या माणसांनी आठवून सांगावी, ही विनंती.