उकडलेल्या दाण्यांचे गाव आणि तीन लाखांचा सौदा

जानेवारी उजाडला की बंगळूरच्या मंडईत अवरेकाईच्या शेंगांचे ढीग लागतात. अवरे म्हणजे आपल्या पावट्याचाच भाऊबंद. त्याचे दाणे भिजत घालून चिमटीत दाबले की साल एका बाजूला आणि हिरवट डाळ दुसऱ्या बाजूला होते, आणि हे काम करीत बसलेल्या कोकणी माणसाला वालाच्या डाळिंब्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. या सोलण्याच्या बैठकीत घरातील वडीलधारी माणसे मुलांना एक गोष्ट हमखास सांगतात. होयसळ राजा वीर बल्लाळ मृगयेस निघाला असता रानात वाट चुकला. क्षुधेने व्याकुळ झालेल्या त्या राजाला एका वृद्धेने आपल्या झोपडीत उकडलेले दाणे खाऊ घातले. संतुष्ट झालेल्या राजाने त्या स्थळाला ‘बेंद काळ ऊरु’, म्हणजे शिजलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव दिले, आणि त्याचेच पुढे बेंगळूरु झाले.

गोष्ट गोड आहे, आणि दाणे सोलताना तर ती अधिकच गोड लागते. परंतु कालगणनेच्या तागडीत घातली की ती टिकत नाही. दुसऱ्या वीर बल्लाळाची कारकीर्द इसवी सन 1173 च्या सुमारास सुरू झाली. शहराच्या दक्षिण अंगास बेगूर येथील प्राचीन शिवमंदिराच्या आवारात गंगकाळातील एक शिलालेख आहे; तो सुमारे इसवी सन 890 मधील असून, नागत्तर नामक गंग अधिकाऱ्याच्या पक्षाचा बुट्टणसेट्टी हा ‘बेंगळूर’च्या लढाईत पडला, अशी नोंद त्यात आहे. तात्पर्य, राजाला भूक लागण्याच्या जवळजवळ तीन शतके आधी हे गाव याच नावाने नांदत होते आणि त्याच्यासाठी माणसे प्राणही देत होती. नावाची खरी व्युत्पत्ती कोणती, याविषयी पंडितांत एकवाक्यता नाही. कोणी ‘बेंगा’ म्हणजे आपला बिबळा, त्या वृक्षावरून ते आले असे म्हणतात, तर कोणी पांढऱ्या गारेच्या दगडाकडे बोट दाखवितात.

अशा कथा रचण्याची हौस एकट्या कानडी मुलखालाच आहे असे मात्र नव्हे. रोम्युलसने रोम वसविले म्हणून त्याचे नाव नगराला मिळाले असे प्राचीन रोमन लोक मानीत; आधुनिक विद्वानांचा कल उलट आहे. त्यांच्या मते नगराचे नाव आधीचे आणि त्यावरून संस्थापकाचे नाव मागाहून पाडलेले. नाव आधी असते, अर्थ सुटत नाही, आणि मग लोकप्रतिभा त्या नावाला साजेसा एक राजा आणि एक म्हातारी शोधून आणते.

याच कारणास्तव ‘केंपेगौडाने बंगळूर वसविले’ हे विधानही थोडे जपून करावयास हवे. येलहंकेचा हा नाडप्रभू विजयनगरचा मांडलिक. त्याने 1537 साली मातीचा कोट आणि आखीव पेठा उभारल्या, आणि आजही चिक्कपेठेच्या गर्दीत चालणारा माणूस त्याच्याच आखणीवर चालत असतो. शहराचा निर्माता तो निःसंशय होय, नावाचा नव्हे. कोडिगेहळ्ळीजवळ ‘हळे बेंगळूरु’ म्हणजे जुने बंगळूर या नावाचे एक गाव होते, आणि तेच नाव त्याने नव्या नगराला दिले, अशी परंपरा आहे. चार दिशांचे जे चार बुरूज त्याच्या नावावर दाखविले जातात, तेही बहुतेक अभ्यासक त्याच्या वारसाकडे देतात.

आता आपल्या, म्हणजे मराठी माणसाच्या, समजुतींकडे वळू. शहाजीराजे बंगळूरला ‘स्वारीवर’ होते असे आपल्याकडे इतक्या सहजतेने बोलले जाते की जणू ते चार-दोन महिन्यांच्या मुक्कामाला गेले होते. वस्तुतः 1638 साली रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेने तिसऱ्या केंपेगौडाकडून हे ठाणे घेतले, ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले, आणि पुढे 1664 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्या कर्नाटकातील कारभाराचे ते प्रमुख स्थान राहिले. त्यांचा दरबार नुसता तलवारबहाद्दरांचा नव्हता. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला आणि बारा भाषांत काव्य करून दाखविले. तो ग्रंथ इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी संपादून उजेडात आणला नसता तर या दरबाराची श्रीमंती आपल्याला कळलीच नसती. बाल शिवाजीची पुण्याकडे रवानगी झाली तीही बंगळूरहूनच, असे परमानंदाचे ‘शिवभारत’ सांगते.

पुढची गोष्ट तर आपण अर्धीच सांगतो. 1648 मध्ये जिंजीच्या छावणीत शहाजीराजे कैद झाले आणि त्यांच्या सुटकेसाठी शिवाजीराजांना कोंढाणा सोडावा लागला, हे महाराष्ट्रातील शाळकरी पोरही सांगेल. पण त्याच सुटकेच्या मोलात थोरले बंधू संभाजीराजे यांनी आदिलशाही फौजेविरुद्ध राखलेले बंगळूरही काही काळ द्यावे लागले होते. कोंढाण्यावर पोवाडे झाले. बंगळूर आपल्या कथेतून गळाले.

आणि मग येतो तो प्रसिद्ध सौदा. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांनी बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाखांना विकून टाकले, असे बंगळुरात कौतुकाने आणि महाराष्ट्रात हळहळून सांगतात. मग या शहरात भाड्याच्या घराची नुसती अनामत किती पडते ते ठाऊक असलेला मराठी माणूस एक सुस्कारा टाकतो. या कथेत सत्य आहे, पण त्याची घडी विसकटलेली आहे. दक्षिण दिग्विजयानंतर शिवाजी महाराजांचा एकोजींशी जो तह झाला, त्यात बंगळूरचा मुलूख महाराजांनी एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळी-बांगडीसाठी दिला. राज्यकारभाराच्या रुक्ष कलमांत भावजयीच्या चोळी-बांगडीचे हे एक कलम यावे, हे मला मराठी दप्तरातील मोठ्या हृद्य गोष्टींपैकी एक वाटते. तथापि भोसल्यांचे बिऱ्हाड आता तंजावरास होते, 1684 पासून तेथील गादीवर एकोजींचे पुत्र बसले होते, आणि इतक्या दुरून हे ठाणे राखणे परवडणारे नव्हते. म्हणून म्हैसूरशी तीन लाखांची बोलणी झाली खरी. परंतु ती तडीस जाण्यापूर्वीच, 1686 मध्ये विजापूर बुडविलेल्या औरंगजेबाच्या फौजा दक्षिणेत उतरल्या, आणि जुलै 1687 मध्ये कासिमखानाने बंगळूरवर मोगली निशाण लावले. म्हैसूरकरांना ते पुढे मिळाले ते मोगलांकडून, त्याच तीन लाखांच्या बदल्यात. म्हणजे भोसल्यांच्या हातून शहरही गेले आणि पैकाही आला नाही. ज्याला आपण आतबट्ट्याचा विक्रय म्हणून हिणवतो, तो विक्रय झालाच नव्हता.

दोन किरकोळ गोष्टी जाता जाता. शहरातील मारतहळ्ळीचे नाव ‘मारुत’ या लढाऊ विमानावरून पडले असे रिक्षावालासुद्धा सांगतो. ते विमान प्रथम 1961 साली उडाले, आणि गाव त्याहून कितीतरी जुने. मात्र म्हणून ती ‘मराठ्यांची हळ्ळी’ असे म्हणून आपण मिशीवर पीळ देऊ नये. नुसत्या नामसादृश्यावर इतिहास उभारणे हा पुन्हा उकडलेल्या दाण्यांचाच मामला होय. मराठी अमलाची खूणच पाहावयाची असेल तर मल्लेश्वरम् येथे काडु मल्लेश्वराच्या देवळापाशी जावे. तेथील 1669 च्या शिलालेखात एकोजींनी मल्लपुरच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. देऊळच एकोजींनी बांधले असे सांगितले जाते, पण दगडावर आहे ते दान.

आणखी एक. शहाजीराजांचे वास्तव्य इतके दीर्घ, म्हणून त्यांची समाधीही बंगळुरातच असेल अशा समजुतीने महाराष्ट्रातून आलेले लोक येथे चौकशी करतात. राजांना मृत्यू आला तो 23 जानेवारी 1664 रोजी, शिकारीत घोड्यावरून पडून, येथून बऱ्याच दूर वायव्येकडे. ज्यांना दर्शन घ्यावयाचे असेल त्यांनी दावणगेरे जिल्ह्यातील चन्नगिरी तालुका गाठावा. समाधी तेथे होदिगेरे गावी आहे.