छातीतली जळजळ : पित्त म्हणून सोडून देऊ नका

रविवारी विहारात वंदना आटोपली, की आरोग्य तपासणीच्या टेबलापाशी हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, “पित्त झालंय, एखादी गोळी असली तर द्या.” बीपी मोजायला आलेल्या मावशी जाता जाता विचारतात, रिक्षा बाजूला लावून आलेला दादा विचारतो, बारावीच्या परीक्षेला बसलेली मुलगीसुद्धा विचारते. गोळी मिळाली की माणूस निघून जातो आणि पुढच्या रविवारी तेच मागायला परत येतो. म्हणून या वेळी या पानावर तेवढ्या एकाच तक्रारीबद्दल लिहायचे ठरवले.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपण ‘पित्त’ म्हणतो तेव्हा निदान तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटली तरी पित्त उठले म्हणतो; ती बहुतेक वेळा अॅलर्जी असते. अर्धे डोके ठणकून उलटी झाली तरी पित्ताचे डोके म्हणतो; ती बऱ्याचदा अर्धशिशी असते. आणि छातीच्या मधोमध जळजळ, घशाशी येणारे आंबट पाणी, करपट ढेकर यांनाही पित्तच म्हणतो. आजचा विषय हा तिसरा. यात दोष पित्ताचा नसतोच. पित्त यकृतात तयार होते. इथे जळते ते जठरातल्या आम्लामुळे.

हे आम्ल जोरदार असते आणि ते असायलाच हवे, कारण अन्न पचवायला आणि जंतू मारायला ते लागते. जठराच्या आतल्या बाजूला चिकट अस्तर असल्याने जठराला त्याचा त्रास होत नाही. घशापासून जठरापर्यंत येणारी सुमारे पंचवीस सेंटिमीटरची अन्ननलिका मात्र तशी नसते. तिच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते, पिशवीच्या तोंडाला आवळलेल्या नाडीसारखे. घास खाली जाताना ते सैल होते आणि लगेच आवळले जाते. ते भलत्या वेळी सैल पडले किंवा खालून पोटाचा दाब वाढला, की आम्ल वर चढते आणि छाती जळते. बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त झालेले नसते. ते चुकीच्या जागी गेलेले असते. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे उपाय आपोआप कळतात.

आपल्या वस्तीतला दिवस आठवून पाहा. घरकामाला किंवा सफाईच्या पाळीला जाणारी बाई पहाटे उठते, मिशरी लावते, कोरा चहा घेते आणि निघते. दुपारी तीनच्या आत तिच्या पोटात धड काही पडत नाही. रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर साडेदहा-अकराला ती जेवते, दिवसभराची भूक असल्याने भरपूर जेवते, भांडी घासते आणि त्याच खोलीत अंथरूण टाकून आडवी होते. भरलेले पोट आडवे झाले की त्या कड्यावर सगळा भार येतो. जळजळ रात्री बारा-एकला का होते, याचे उत्तर इथे आहे. दोष तिखटाला देऊन आपण मोकळे होतो, पण निम्मा दोष घड्याळाचा असतो.

तेव्हा सगळ्यात उपयोगी आणि बिनखर्चाचा उपाय हा, की शेवटचे जेवण आणि झोपणे यांत तीन तास ठेवा. कामावरून यायलाच दहा वाजत असतील तर तीन तास कसे ठेवणार, हा प्रश्न बरोबर आहे. अशा वेळी मुख्य जेवण कामावर निघण्याआधी किंवा सहा-सातला डब्यातून करा आणि घरी आल्यावर थोडेच खा. आणि बाईने शेवटी जेवायची रीत घराने मिळून मोडावी. सगळे एकत्र बसले तर तिचे जेवण तासभर तरी आधी होते. ही समतेची गोष्ट आहे आणि औषधाचीही.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची एक गोष्ट आहे. राजा एका वेळी द्रोणभर भात खायचा. असाच एकदा तुडुंब जेवून तो धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला ना काढा सांगितला ना कडक उपवास. मात्रा ओळखून, भानावर राहून जेवणाऱ्याचा त्रास कमी होतो, या अर्थाची गाथा त्यांनी सांगितली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि आपण जेवताना रोज म्हणायला सांगितले. हळूहळू त्याचे जेवण नाळीभर भातावर आले, आणि नाळी हे माप द्रोणापेक्षा कितीतरी लहान. अंग हलके झाल्यावर राजा खूश झाला. हळूहळू, हा शब्द मला यात महत्त्वाचा वाटतो. एकदम अर्धे जेवण तोडणारा माणूस आठ दिवसांत पूर्वपदावर येतो.

वर्षावासात अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. त्यातल्या अनेकांना त्या दिवशी रात्री जळजळ होत नाही, असे तेच सांगतात; कारण आता तुमच्या लक्षात आले असेल. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये, साखर एकदम उतरते.

खाण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मांसाहार उष्ण, मांसाहार तामसी, त्यामुळे पित्त होते, असे आपल्याला ऐकवले जाते. अंडे, मासे, चिकन यांत जळजळीचा असा काही खास दोष नाही. तेल-चरबी जास्त झाली की जठर उशिरा रिकामे होते आणि ते कडे सैल पडते. मग ती तर्री मटणाची असो की मिसळीची, वडापाव असो की साजूक तुपातली पुरी. मटणाचा रस्सा दुपारी, वरची तर्री काढून खा. खरडा, टोमॅटो, कडक चहा, कॉफी, थंड पेये, पुदिना यांनी काहींना त्रास होतो आणि काहींना अजिबात होत नाही. दुसऱ्याच्या यादीवर जाऊ नका. पंधरा दिवस वहीत लिहून ठेवा : काय खाल्ले, किती वाजता, आणि जळजळ कधी झाली. ज्याने तीनदा त्रास झाला तेवढेच सोडा. तपासून पाहून स्वीकारायचे हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

तंबाखू आणि दारू या दोन्हींनी ते कडे सैल पडते. मिशरी हा तंबाखूच आहे, भाजलेला असला तरी. “मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही” म्हणणाऱ्या मावशींना माझे सांगणे असे, की सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी पिऊन थोडे चाला आणि मिशरी आधी दिवसातून एकदाच करा. दारूबद्दल पाचवे शील आहेच, वेगळे काय सांगू.

पोटावरचा दाबही बघा. परकराची नाडी करकचून बांधणे, घट्ट पट्टा, जेवल्याबरोबर वाकून लादी पुसणे, सुटलेले पोट. गरोदरपणात जळजळ होते ती दाबामुळे आणि शरीरातल्या बदलांमुळेही. बाळाला केस जास्त असल्याने नव्हे.

झोपताना खाट असेल तर डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू पंधरा ते वीस सेंटिमीटर उचला. जमिनीवर झोपत असाल तर गोधड्यांच्या घड्या करून कमरेपासून डोक्यापर्यंत उतार करा. नुसत्या दोन उश्या डोक्याखाली घेतल्या तर पोट दुमडते आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. जठराच्या आकारामुळे त्या कुशीवर आम्ल खालीच राहते.

आता गोळ्या. सगळ्यात वाईट सवय म्हणजे अंगदुखीसाठी दुकानातून सुटी गोळी घेऊन उपाशीपोटी गिळणे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन यांसारख्या गोळ्या जठराचे अस्तरच दुबळे करतात. त्यातून व्रण आणि रक्तस्राव होऊ शकतो. दिवसभर ओझी उचलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसाला दुखणारच, हे मान्य. पण रोज गोळी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. कोणतीही गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. बीपीच्या काही गोळ्यांनीही जळजळ वाढते, पण त्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतील.

खायचा सोडा किंवा फसफसणारी पावडर घेतली की ढेकर येऊन बरे वाटते, पण त्यात सोडियम भरपूर असते. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ते टाळावे. थंड दुधाचा आराम घटकाभराचा. अँटासिडचे पातळ औषध तास-दोन तास काम करते, अधूनमधून घ्यायला हरकत नाही. रक्तवाढीची गोळी आणि ते यांत दोन तासांचे अंतर ठेवा. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या चांगल्या आहेत, पण आपण त्या चुकीच्या घेतो. त्या सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात, जळजळ सुरू झाल्यावर नव्हे. पूर्ण गुण यायला दोन-चार दिवस लागतात. साधारण चार ते आठ आठवड्यांचा कोर्स असतो. वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेतल्या तर बी-१२ कमी होऊ शकते.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला बसलो ते. आमच्या ओळखीतल्या पन्नाशीच्या एका दादांना रात्री दोनला छाती भरून आली, घाम फुटला. घरच्यांनी गॅस समजून सोडा दिला. ढेकर आली, थोडे बरे वाटले, ते झोपले. सकाळी जिना उतरता येईना तेव्हा रुग्णालयात नेले. तो हृदयविकाराचा झटका होता. दादा वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झाला. ढेकर आली म्हणजे गॅसच होता, असे समजू नका. छातीत दडपण किंवा आवळल्यासारखे वाटणे, दुखणे हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे, घाम, धाप, चालताना वाढणे, अशी लक्षणे असतील तर १०८ ला फोन करा आणि ईसीजी करता येईल अशा रुग्णालयात जा. बायकांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये कधी कधी छाती दुखतच नाही, नुसती धाप, मळमळ, विलक्षण थकवा जाणवतो. खोटी घाबरगुंडी ठरली तर चार तास जातील, एवढेच.

घास अडकणे, न ठरवता वजन उतरणे, डांबरासारखे काळे शौच, रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यांपैकी काही असेल तर दुर्बिणीची तपासणी लागू शकते. रक्ताची उलटी किंवा काळे शौच असेल तर त्याच दिवशी जा. (रक्तवाढीच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, तसे असेल तर डॉक्टरांना सांगा.) तंबाखू खाणाऱ्याला घास अडकू लागला तर एक आठवडाही थांबू नका. आणि जळजळ आठवड्यातून दोनदा-तीनदा होऊन महिना लोटला असेल, तर मेडिकलच्या दुकानाऐवजी पालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. जाताना घरात असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी झालेलीसुद्धा, आणि ती पंधरा दिवसांची वही बरोबर न्या.