वनस्पतींमुळे होणारे उपग्रह संकेतांचे क्षीणन

उपग्रहाकडून येणाऱ्या रेडिओ लहरी झाडांच्या पानाफांद्यांतून जाताना दुर्बल होतात. या घटनेस वनस्पतीजन्य क्षीणन असे म्हणतात. त्याचे मापन डेसिबेल या एककात केले जाते. क्षीणन ३ डेसिबेल असल्यास संकेताची शक्ती निम्मी उरते, तर १० डेसिबेल असल्यास एक दशांश. या क्षीणनाचे अनुमान करण्याच्या पद्धती आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.८३३ या शिफारशीत दिल्या आहेत.

कारणे

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. एवढ्या अंतरावरून येणारा संकेत मुळातच अतिशय क्षीण असतो. पानांतील पाणी त्याची काही ऊर्जा शोषून घेते, तर पाने व फांद्या उरलेल्या लहरींचे निरनिराळ्या दिशांना विकिरण करतात. पानोळा जितका दाट आणि त्यातून जाणारा मार्ग जितका लांब, तितके क्षीणन अधिक. पाने ओली असल्यास ते आणखी वाढते.

वारंवारतेचा परिणाम

साधारणपणे वारंवारता वाढते तसे क्षीणन वाढते. जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्‌झचा संकेत सुमारे १९ सेंटिमीटर तरंगलांबीचा असतो. तो झाडाखाली बहुधा मिळतो, मात्र स्थाननिश्चितीची अचूकता घटते. घरगुती दूरचित्रवाणी तबकडीचे संकेत ११ ते १२ गिगाहर्ट्‌झच्या आसपास असून त्यांची तरंगलांबी सुमारे २.५ सेंटिमीटर असते. त्यांना एखाद्या झाडाचा दाट पानोळाही अडवू शकतो.

मालवण किनारपट्टीवरील स्थिती

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण परिसरात घरे बहुधा माड, आंबा, फणस व काजू यांच्या सावलीत असतात. ही झाडे सदाहरित असल्याने पानगळीच्या ऋतूत मिळणारी मोकळीक येथे मिळत नाही. पावसाळ्यात पर्जन्यामुळे होणारे क्षीणन व ओल्या पानांमुळे होणारे क्षीणन एकत्र येतात. वाऱ्याने झावळ्या हलल्या की संकेत कमीजास्त होतो. अंकीय प्रक्षेपणात संकेत ठरावीक मर्यादेखाली जाताच चित्र फुटते किंवा थांबते.

उपाय

तबकडीसाठी झाड तोडणे बहुधा आवश्यक नसते, कारण तिला आकाशाचा केवळ एक अरुंद पट्टा मोकळा लागतो. डीडी फ्री डिशचे प्रक्षेपण ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. मालवणहून हा उपग्रह आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. त्यामुळे तबकडीच्या आग्नेयेस सुमारे ११ मीटरांवर २० मीटर उंचीचा माड असल्यास त्याचा शेंडा नेमका आड येतो. तोच माड ५ मीटरांवर असल्यास संकेताची रेषा शेंड्याच्या बरीच खालून जाते व वाटेत फारतर खोड येते. तबकडी काही मीटर सरकवणे म्हणूनच अनेकदा पुरेसे ठरते. आंब्याचा पसारा रुंद व दाट असल्याने त्यापासून अधिक अंतर राखावे लागते. वादळात तारा तुटून उपग्रह दूरध्वनीवर विसंबावे लागल्यास तो झाडांखाली न वापरता मोकळ्या जागी वापरणे इष्ट असते.