टोर्नेडोच्या मागे धावणारे: पडद्यावरचे आणि खरे

एप्रिल-मे आला की टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का या अमेरिकेच्या सपाट मुलखात कितीतरी हौशी माणसे गाड्या काढून वादळांच्या मागावर निघतात. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा, पश्चिमेच्या वाळवंटी पठारांवरून तिच्या डोक्यावर सरकणारी कोरडी हवा आणि उंचीगणिक दिशा व वेग बदलणारा वारा यांचे जुळले, की स्वतःभोवती फिरणारा अवाढव्य गडगडाटी ढग उभा राहतो. हा सुपरसेल. बहुतेक जोरदार टोर्नेडोंची सोंड याच्याच पोटातून उतरते; पण बहुतेक सुपरसेल टोर्नेडो न देताच विरतात, हेही लक्षात ठेवायला हवे.

आपल्याकडे टोर्नेडो आणि चक्रीवादळ यांची सरमिसळ होते. 2020 मध्ये कोकणावर आलेल्या ‘निसर्ग’चा माग समुद्रावर असतानाच लागला होता आणि त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा होता. टोर्नेडो बहुधा फार तर काही शे मीटर रुंद असतो, आणि इशारा मिळाल्यावर हाती उरतात ती मोजकी मिनिटे.

1996 च्या ‘ट्विस्टर’ चित्रपटामुळे पाठलाग म्हणजे सोंडेत गाडी घालणे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हा छंद बराचसा वाट पाहण्याचा आहे: सकाळी हवामानाचे नकाशे वाचायचे, दुपारभर एखाद्या पेट्रोल पंपावर थांबायचे, शेकडो किलोमीटर जायचे आणि अनेकदा रिकाम्या हाताने परतायचे. 1956 पासून वादळांमागे जाणारे डेव्हिड होडली या छंदाचे आद्य प्रवर्तक मानले जातात. जाणकार माणूस ढगाच्या आत शिरत नाही. वादळ सहसा ईशान्येकडे सरकते, म्हणून तो आग्नेयेला अंतर राखून उभा राहतो आणि माघारीचा रस्ता मोकळा ठेवतो. चित्रपटातले टोर्नेडोत मोजमाप घेणारे ‘डोरोथी’ हे यंत्र मात्र निव्वळ कल्पना नव्हती. 1980 च्या दशकात ‘टोटो’ नावाचे जड यंत्र टोर्नेडोच्या वाटेवर ठेवण्याचे खरोखर प्रयत्न झाले. ते फारसे साधले नाहीत.

सर्वांत मोठा धोका सोंडेचा, हा समजही तपासून पाहावा. मार्च 2017 मध्ये टेक्सासमध्ये तिघे पाठलागकर्ते चौकात दोन गाड्यांची धडक होऊन ठार झाले. एप्रिल 2022 मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी कॅन्ससमधून परतताना ओल्या रस्त्यावर गाडी घसरून दगावले. टोर्नेडो मागे पडला होता, तरी पाऊस, थकवा आणि वाहतूक संपलेली नव्हती. शिवाय वादळाभोवती गाड्यांची रांग लागते, गारांनी काचा फुटतात, कच्च्या रस्त्यांचा चिखल होतो.

अनुभवी माणूस सुरक्षित असतो, यावर तर पाठलाग करणाऱ्यांचाही विश्वास होता. टिम समारास हे त्यांच्यातले अतिशय सावध संशोधक म्हणून ओळखले जात. 2003 मध्ये साउथ डकोटातील मँचेस्टरजवळ त्यांच्या बुटक्या, शंकूसारख्या उपकरणावरून टोर्नेडो गेला आणि हवेचा दाब 100 मिलिबारने कोसळल्याची नोंद मिळाली. ‘टोटो’ला न जमलेले त्या उपकरणाने करून दाखवले. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळचा टोर्नेडो बघता बघता 4.2 किलोमीटर रुंद झाला, अचानक वळला आणि वेगाने सुटला. पावसाच्या पडद्याआड त्याची कड कुठे आहे, हेच दिसत नव्हते. टिम, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले. टोर्नेडोनेच पाठलागकर्त्यांचा बळी घेतल्याची त्यापूर्वीची नोंद नाही. फिरत्या रडारने या टोर्नेडोत ताशी 450 किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे टिपले, तरी त्याची तीव्रता सांगणारी अधिकृत श्रेणी मधलीच, म्हणजे ईएफ-3, राहिली, कारण ही श्रेणी पडझडीवरून ठरते आणि तिथे बहुतांश उघडी शेते होती. श्रेणीच्या आकड्यावरून धोका जोखणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

सर्वांत घातक गैरसमज महामार्गावरच्या पुलाचा. 1991 मध्ये कॅन्ससमध्ये पुलाखाली आसरा घेऊन वाचलेल्यांचे चित्रीकरण देशभर दाखवले गेले. पण तो टोर्नेडो तुलनेने दुबळा होता आणि थेट त्यांच्यावरून गेला नव्हता. 3 मे 1999 रोजी ओक्लाहोमात टोर्नेडोंनी केलेल्या संहारात वेगवेगळ्या पुलांखाली आसरा घेतलेली माणसे दगावली. अरुंद जागेत वारा अधिक जोराने घुसतो, उडते अवशेष थेट अंगावर येतात आणि तिथे थांबलेल्या गाड्या इतरांची वाट अडवतात. डॅलस परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठीही नियम साधा आहे: पक्क्या घरात, तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या मधल्या खोलीत जावे. दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडत बसू नये. त्यात फक्त वेळ जातो.

रडार असताना माणसांची गरज काय, असेही विचारले जाते. पृथ्वीच्या गोलाईमुळे दूरच्या वादळात रडारचा किरण जमिनीपासून किलोमीटरभराहून वर जातो, खाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. ते सांगायला ‘स्कायवॉर्न’चे प्रशिक्षित स्वयंसेवक असतात. त्यांना वादळामागे धावायचे नसते, आपल्या गावातूनच आकाश पाहून खबर द्यायची असते. आकाशाचे वेड असलेल्याने सुरुवात इथून करावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे हे प्रशिक्षण मोफत असते आणि साधारण दोन तासांत होते.