गुलाबाचे पान कातरते कोण?

अंगणातल्या गुलाबाची किंवा बांधाजवळच्या तुरीची पाने कधी निरखून पाहा. एखाद्या पानाची कड कात्रीने कातरावी तशी गोल कापलेली दिसेल. घरात लगेच बोलणे होते, "अळी पडली, औषध मारा!" पण जरा थांबा. अळीने खाल्लेल्या पानाची कड ओबडधोबड असते आणि खाली तिच्या लेंड्या पडतात. इथे काप स्वच्छ आहे. हे काम आहे पानकापी माशीचे, आणि ती तुमची वैरी नव्हे.

ही मधमाशीच्याच गोतातली. मात्र हिला ना पोळे, ना राणी, ना मधाचा साठा. ती एकटी राहते. पोकळ बोरू, लाकडातले भुंग्याचे जुने भोक, भिंतीतली फट हे तिचे घर. कापलेले पान ती खात नाही. त्या तुकड्यांची पुंगळी करते, आत पराग आणि फुलांचा रस कालवून गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि गोल तुकड्यांचे झाकण लावते. मग पुढची खोली. चार पाने गेल्याने झाडाचे काही बिघडत नाही.

मग तिचा उपयोग काय? तुरीचे फूल पाहा. त्याच्या खालच्या पाकळ्या मिटलेल्या असतात, पराग आत दडलेला. ही माशी फुलावर बसून पाकळ्या दाबते, पराग तिच्या पोटाखालच्या केसांना लागतो आणि ती दुसऱ्या फुलाकडे जाते. तुरीचे फूल स्वतःच्या परागावरही फळते, पण माशीची भेट झाली तर शेंगा धरायला मदतच होते. तागाला तर बी धरण्यासाठी अशा माश्या हव्याच. लसूणघासाचे फूल दाबले की आतली दांडी झटक्याने उडून तोंडावर बसते. मधमाशी तो मार टाळून बाजूने रस चोरते. पानकापी मात्र मार खात काम करते. म्हणूनच अमेरिकेत आणि कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी शेतकरी हिची एक जात भोके पाडलेल्या लाकडी ठोकळ्यांत पाळतात. ती जात तिथली नव्हे. 1940 च्या दशकात बाहेरून अमेरिकेत पोचली.

आता खरी अडचण ऐका. ही माशी लांब जात नाही. घरापासून काहीशे मीटरांत तिला फुलेही हवीत आणि कोवळी पानेही. पावसाळ्यात तीळ, ताग फुलतात. दिवाळीच्या आगेमागे तूर बहरते, तेव्हा तिची चंगळ. पण तूर सरली की पुढे काय? ज्याच्या बांधावर करंज आहे, विहिरीजवळ लसूणघासाचा वाफा फुलला आहे, दारात तुळस मंजिरीवर आहे, तिथे तिचे भागते. ज्याने बांध कोरून साफ केला, पाचट-काटक्या जाळल्या आणि चहूकडे एकटा ऊस लावला, त्याच्याकडे तिला ना दाणा ना निवारा. मग पुढच्या हंगामात तूर फुलते तेव्हा तिथे पानकापी येणार कुठून?

म्हणून एवढे करा. बांधाचा एक कोपरा न कोरता राहू द्या; करंज तोडू नका. लसूणघासाचा एखादा वाफा फुलेपर्यंत कापू नका. बोरूच्या किंवा बारीक बांबूच्या वीतभर नळ्या, एका टोकाला पेर ठेवून, जुडी बांधा आणि पडवीत पाऊस लागणार नाही अशी आडवी टांगा. नळीच्या तोंडाशी हिरवे झाकण दिसले की समजा, बिऱ्हाड आले.

तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी आधी पक्षीथांबे, कामगंध सापळे आणि 5 टक्के निंबोळी अर्क वापरून पाहा. विषारी औषध मारणे अटळच झाले, तर दिवस मावळताना मारा. भर उन्हात माशी फुलावर असते. शिवाय फवारलेल्या पानाचा तुकडा ती थेट पिलांच्या खोलीत नेते.

तेव्हा उद्या पानावर गोल काप दिसला, तर पंप उचलण्याआधी घटकाभर तिथेच उभे राहा. हिरवा तुकडा पोटाशी धरून एक माशी उडताना दिसेल. मुलांनाही दाखवा. बिनमजुरीची कामकरीण आहे ती!