लष्कराचा जुना ट्रक : स्वस्त की महाग?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांना जड माल नेण्याचे काम रोज नसते. लाकडाच्या वखारीचे ओंडके, फरशीची खेप, यंत्रमाग किंवा लेथ एका गावाहून दुसऱ्या गावी हलवणे, अशी कामे वर्षातून दहा-पंधरा वेळाच निघतात. अशा वेळी लिलावातला लष्कराचा जुना ट्रक घ्यावा असा विचार मनात येतो. तो फायद्याचा केव्हा ठरतो, हे आम्ही येथे मांडत आहोत.

डिस्पोजलच्या गाड्यांचा व्यापार जुना आहे. १९४५ मध्ये दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याचे ट्रक बाजारात आले व मालवाहतुकीस लागले. पुढे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेला शक्तिमान आणि त्यानंतर अशोक लेलँडचा स्टॅलियन हे सैन्याचे मुख्य ट्रक झाले. चारही चाकांना जोर, उंच चासी, मजबूत बांधणी हे त्यांचे गुण. चिखलात व कच्च्या रस्त्यावर ते उपयोगी पडतात. परंतु डांबरी रस्त्यावर हाच जोर डिझेल जास्त खातो आणि फाळका उंच असल्याने माल चढवण्यास हमाली जास्त लागते. शक्तिमानचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे झाली; त्याचे सुटे भाग जुन्या बाजारातच शोधावे लागतात.

सरकारी मालाचे लिलाव मोठ्या प्रमाणावर एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत संगणकावरून होतात. माल ‘आहे तसा, आहे तेथे’ विकला जातो. नंतर तक्रार चालत नाही. म्हणून बोलीपूर्वी मिस्त्रीला घेऊन गाडी पाहावी. टायर दिसायला नवे असले तरी त्यावरील बनावटीचे साल वाचावे. उभ्या गाडीचे रबर, ब्रेकचे पाइप व सील सुकलेले असतात.

त्याहून महत्त्वाचे कागदपत्र. लॉट वापरासाठी आहे की मोडीसाठी, हे अटींमध्ये आधी वाचावे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी चालू राहत नाही. ती मोडीतच काढावी लागतात. सैन्याच्या खास लढाऊ कामाच्या गाड्या या नियमातून वगळल्या आहेत. मोडीचा लॉट घेऊन रस्त्यावर आणण्याचा बेत करणाऱ्याचे भांडवल बुडालेच समजा. वापरासाठी विकलेल्या गाडीच्या नोंदणीस संबंधित लष्करी अधिकाऱ्याचे फॉर्म २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. अर्ज फॉर्म २० मध्ये करावा. गाडीचा हिरवा लष्करी रंगही बदलावा लागतो, कारण तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे.

यानंतर परमिट, विमा आणि रस्ता कर आलेच. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस फिटनेस दरवर्षी घ्यावे लागते. चासी मजबूत आहे म्हणून जास्त भरू नये, आर.सी.वर लिहिलेले वजनच खरे. जादा वजनास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.

आता हिशेब. वर्षाचा विमा, कर, फिटनेस, दुरुस्ती, जागा व ड्रायव्हरचा खर्च एकत्र करून त्याला कामाच्या दिवसांनी भागावे. त्यात डिझेल मिळवावे. येणारा आकडा भाड्याच्या ट्रकच्या दरापेक्षा जास्त असेल तर ट्रक घेऊ नये. दहा दिवसांच्या कामासाठी एकट्याने ट्रक पाळणे बहुधा परवडत नाही. कच्चा रस्ता, डोंगर किंवा खाणीचे काम वारंवार असेल, तरच एकट्याने विचार करावा.

चार-पाच व्यापाऱ्यांनी शिरकतीत घेतला तर गणित बदलते. मात्र भांडवल, वापराचे दिवस, दुरुस्ती व नुकसान यांचा करार आधीच लिहून ठेवावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यास सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत सांगितले आहे. तोच दंडक भागीदारीत पाळला तर भाऊबंदकी टळते. गाडी उभी राहिली तरी पंधरवड्यातून एकदा चालवावी, हेही करारात घालावे.

स्वस्त बोलीच्या मोहात न पडता आधी कागद, मग हिशेब, मग बोली, हा क्रम ठेवावा. अल्लाह आपल्या हलाल रोजीत बरकत देवो.