भोकांच्या झाकणाची बरणी

मुलांनो, या चित्रातली बरणी नीट बघा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या औषधांच्या दुकानात अशा बरण्या दर्शनी भागात मांडलेल्या असत. स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी घडवलेली चिनीमाती, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. पण झाकणाला भोकं का बरं? औषधाचा वास उडून जाऊ नये म्हणून बरणीचं तोंड घट्ट बंद करतात ना? इथलं औषध मात्र श्वास घेणारं होतं. बरणीत होत्या जिवंत जळवा!

त्या काळी पॅरिसमध्ये ब्रूसे नावाचे मोठे डॉक्टर होते. बहुतेक रोग दाहातून होतात, तेव्हा जळवा लावून रक्त काढा, असं ते शिकवत. त्यांची शिकवण इतकी पसरली की 1833 या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून आणवल्या. युरोपातल्या तळ्यांमधून जळू दिसेनाशी होऊ लागली. अशक्त रोग्यांचंही रक्त काढत, त्याने ते आणखी खंगत. फार वाईट झालं ते.

पण त्यात जळवेचा काय दोष? तिचं तोंड बघाल तर थक्क व्हाल. तीन जबडे, प्रत्येकावर करवतीसारखे बारीक दात. चावते तेव्हा कातडीवर तीन टोकांची खूण उठते. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट रक्त पिते आणि मग महिनोन्‌महिने काही खात नाही. एवढं रक्त पिताना ते गोठत कसं नाही? 1884 साली जॉन हेक्राफ्ट यांनी याचं उत्तर शोधलं: तिच्या स्रावातच रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. पुढे त्याला हिरुडिन म्हणू लागले.

आपल्याकडच्या प्राचीन काळच्या वैद्य सुश्रुतांनी तर जळवांवर अख्खा अध्याय लिहिलाय. बारा जाती, त्यातल्या सहा विषारी. नव्या घड्यात तळ्याचं पाणी आणि चिखल घालून त्यांना ठेवावं, तीन दिवसांनी पाणी बदलावं, सात दिवसांनी घडाच बदलावा. किती बारकाईने पाहिलं असेल त्यांनी!

आणि 1985 सालची गोष्ट ऐका. अमेरिकेत बॉस्टनला एका छोट्या मुलाचा कान कुत्र्याने तोडला. डॉक्टर जोसेफ अप्टन यांनी तो जोडला, पण बारीक शिरांमधून रक्त परतेना, कान काळानिळा पडला. मग थेट वेल्सहून जळवा मागवल्या. त्यांनी साचलेलं रक्त ओढून घेतलं. त्या सुटल्यावरही हिरुडिनमुळे रक्त पाझरत राहिलं, तेवढ्यात नव्या शिरा जुळल्या. कान वाचला!

2004 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जळवेला वैद्यकीय साधन म्हणून परवानगी दिली. आता इस्पितळांसाठी जळवा मुद्दाम पाळून वाढवतात, आणि युरोपातल्या रानटी औषधी जळवेच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचा अंकुश आहे.